गळ्याचं बटण

१

थोरलीचा दिवस रोज सव्वाआठला अप्पांच्या दारात सुरू व्हायचा. किल्ली दोनदा फिरवायची, पडदा सारायचा, डबा ओट्यावर ठेवायचा, गोळ्यांची डबी भरायची. अप्पा तोवर खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेले असायचे. अंघोळ झालेली, दाढी गुळगुळीत, केस चापून बसवलेले, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. मागे पलंगावरच्या चादरीला सुरकुती म्हणून नसायची.

"झोप लागली?"

"हं."

"गोळ्या वेळेवर घ्या."

"हं."

एवढं झालं की वीस मिनिटांत ती बाहेर पडायची. संध्याकाळी सहाला पुन्हा फेरी, तीही तशीच.

थोरली बावन्न वर्षांची. माणसांना मोटार चालवायला शिकवायचं तिचं काम. दिवसभर परक्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं, आपण शेजारी बसायचं आणि पाय जादाच्या ब्रेकवर ठेवायचा. कुणावर पटकन विश्वास टाकायचा नाही ही सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली होती. अप्पांच्या बाबतीत मात्र तिनं ती सवय घरी ठेवली होती. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा एकटा राहतो आणि सगळं स्वतःचं स्वतः करतो, यात तिला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण न वाटणं सोयीचं होतं.

शिवाय अप्पा म्हणजे अप्पा. तीस वर्षं शाळा तपासनीस. ते येणार म्हटलं की मुख्याध्यापकांना ताप भरायचा, असं लोक अजून हसून सांगतात. घरात हसण्यासारखं काही नव्हतं. पानावरून उठलेल्या मुलाला ते पुन्हा बसवून पान निरखायचे. आई वीस वर्षांपूर्वी गेली, तीही जणू परवानगी मागून. बापलेकींनी एकमेकांना शेवटचा हात कधी लावला ते दोघांनाही आठवलं नसतं.

दुसऱ्या शहरातला धाकटा भाऊ दर रविवारी फोन करून लांबूनच काळजी करायचा. "ताई, अगं घरी येऊन तपासणी करणारी माणसं असतात. म्हाताऱ्यांना काय जमतं, काय नाही, सगळं लिहून देतात. मग पुढचं ठरवू."

पुढचं म्हणजे वृद्धाश्रम, किंवा थोरलीनं आपलं बिऱ्हाड मोडून अप्पांकडे येणं. ती लगेच हो म्हणाली. अप्पा ठणठणीत आहेत असं एकदा शिक्क्यासकट कागदावर आलं, की धाकट्याचं तोंड बंद होणार होतं.

२

तपासणीच्या बाई बुधवारी अकराला आल्या. रबरी तळाचे बूट, खांद्याला जाड पिशवी, हातात पाटीला अडकवलेला फॉर्म. थोरलीनं मनात त्यांचं नाव फॉर्मवाली ठेवून टाकलं. समोरचा खोटंच बोलणार हे गृहीत धरून आलेल्या माणसाचा शांतपणा त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"वय?"

"चौऱ्याऐंशी," थोरली म्हणाली.

"मी त्यांना विचारलं."

"चौऱ्याऐंशी," अप्पा म्हणाले. "आणि तुमच्या फॉर्मवर 'स्वावलंबन' चुकीचं छापलंय. दुसऱ्या ओळीत."

फॉर्मवालीनं खाली पाहिलं, पेनानं दुरुस्ती केली आणि पुढे गेल्या. थोरलीला बरं वाटलं. म्हाताऱ्याची धार शाबूत होती.

"अंघोळ कोण घालतं?"

अप्पांनी आधी मागच्या बोळाकडे पाहिलं. झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत जाणारा अरुंद बोळ, त्यात एक बंद कपाट आणि भिंतीला टेकवलेली छत्री. बाकी काही नाही.

"होते," ते म्हणाले.

"होते म्हणजे? तुम्ही करता?"

"होते."

"आणि कपडे?"

"घातले जातात."

थोरली हसली. "अहो, व्याकरण असंच आहे त्यांचं. सगळं स्वतः करतात. मी सकाळी येते तेव्हा तयार होऊन बसलेले असतात. विचारा शेजाऱ्यांना."

"करताना पाहिलंय तुम्ही?"

"त्यात पाहायचं काय?"

"उठताना? चालताना?"

थोरली आठवू लागली. ती येते तेव्हा अप्पा बसलेले असतात. ती जाते तेव्हा बसलेले असतात. संध्याकाळीही तीच खुर्ची. मागच्या उन्हाळ्यात ते दारापर्यंत आले होते... की तो त्याच्या आधीचा उन्हाळा?

फॉर्मवालीनं काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या.

"तुम्ही बोळाकडे काय पाहता सारखं?" त्यांनी मान वर न करता अप्पांना विचारलं.

"मी कुठे पाहतो," अप्पा म्हणाले. आणि पाहिलं.

३

तपासणी साधीच होती. दोन्ही हात वर करा. अप्पांचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि थरथरत थांबला. डावा खुर्चीच्या दांड्यावरून हललाच नाही. केस विंचरतो तसा हात डोक्याकडे न्या. नाही. पेन धरा. पेन बोटांतून घरंगळून टेबलाखाली गेलं. उठून दाखवा. अप्पांनी ओठ आवळले, गुडघे लटपटले, बूड चार बोटं उचललं गेलं आणि ते धपकन खाली बसले. कपाळावर घाम.

"बाहीचं हे बटण काढून पुन्हा लावा. सावकाश."

फॉर्मवालीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अप्पांची बोटं बटणावरून सरकत राहिली, काचेवरून माशी सरकावी तशी. पाच मिनिटं. सात. थोरली म्हणाली, "पुरे ना आता," तर बाईंनी हातानंच तिला गप्प केलं. अकरा मिनिटांनी अप्पांनी हात मांडीवर ठेवले आणि मान फिरवली. बटण होतं तिथेच होतं.

"दाढी कोण करतं त्यांची?" फॉर्मवालीनं विचारलं.

थोरलीनं पहिल्यांदाच वडिलांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. जबड्याच्या खालची खुंटं त्यांच्याकडून कायम सुटायची. आता तिथे एक केस नव्हता. कातडी लाल होती, घासून घासून आणल्यासारखी. आणि भांग. अप्पा जन्मभर डावीकडे भांग पाडत आले. हा उजवीकडे होता. समोर उभं राहून दुसऱ्याचे केस विंचरले, की आपली डावी त्याची उजवी होते, तसा.

"गळा केवढा आवळलाय," फॉर्मवाली म्हणाल्या आणि पुढे वाकून त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. कॉलरखाली लाल वळ उमटला होता.

"राहू द्या," अप्पा म्हणाले. त्या घरात थोरलीनं तो आवाज आधी ऐकला नव्हता. "राहू द्या ते. लावा परत."

"श्वास घ्यायला बरं पडेल. न्हाणीघर दाखवा मला, बाई."

दोघी बोळातून मागे गेल्या. फॉर्मवालीनं दाराची रुंदी मोजली, उंबऱ्याची उंची मोजली. थोरली मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरून उभी होती. फरशी अजून ओली. दांडीवरचा पंचा इतका पिळलेला, की तो लोंबत नव्हता, काठीसारखा आडवा ताठ होता. फॉर्मवालीनं तो उलगडायचा प्रयत्न केला. उलगडला नाही.

"ताकद आहे हं कुणात तरी," त्या म्हणाल्या.

दोन मिनिटं झाली असतील, फार तर तीन. परत आल्या तेव्हा अप्पा तसेच बसले होते. हात मांडीवर, नजर हातांवर. गळ्याचं बटण लावलेलं होतं.

फॉर्मवाली थोरलीकडे वळल्या. "तुम्ही लावलंत?"

"मी तुमच्याबरोबर होते. फीत धरून."

"मग?"

"मी म्हटलं होतं, राहू द्या," अप्पा पुटपुटले.

फॉर्मवालीनं पाटी टेबलावर ठेवली. विचारल्याशिवाय त्यांनी अप्पांची एक बाही दंडापर्यंत सारली. मग दुसरी. दोन्ही दंडांवर निळे-पिवळे डाग होते, बोटांचे. काही ताजे, काही जुने, एकावर एक.

"हात द्या तुमचा," त्या थोरलीला म्हणाल्या.

"का?"

"द्या."

तिचं मनगट धरून त्यांनी तिची बोटं डागांवर ठेवली. कातडी गरम होती. बोटं जुळली नाहीत. डाग लांब होते आणि अंगठा भलत्याच बाजूला होता.

"समोरून धरलं तर अंगठा इकडे येतो," फॉर्मवाली स्वतःशीच बोलत होत्या. "हे मागून धरलंय. आडवे असताना, खालून. म्हणजे पलंगाच्या त्या..." त्या थांबल्या. पलंगाची ती बाजू भिंतीला चिकटलेली होती.

त्यांनी पाटी परत उचलली. मग बाईंचा आवाज कोरडा झाला.

"या घरात कुणीतरी येतं. ते तुम्हाला माहीत असेल आणि तुम्ही लपवत असाल, तर वाईट. माहीत नसेल तर त्याहून वाईट. उद्या सकाळची पाहणी होईल. पावणेसातला. उठल्यापासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर. तोवर त्यांना हात लावू नका."

"मी कधीच लावत नाही," थोरली म्हणाली, आणि ते वाक्य स्वतःच्याच कानाला कसं लागलं ते तिला कळलं.

४

दुपारचे दोन्ही शिकाऊ तिनं उद्यावर ढकलले. कुलूपवाल्याला बोलावून पुढच्या दाराचं कुलूप बदललं. नव्याच्या किल्ल्या दोनच, दोन्ही तिच्या पर्समध्ये. स्वयंपाकघरातलं मागचं दार पाहिलं. कडीवर गंज चढलेला, चौकटीत कोळ्याचं जाळं आणि जाळं शाबूत. खिडक्यांना गज. बोळातलं कपाट उघडलं तर रद्दी आणि जुने तपासणी अहवाल खच्चून भरलेले. माणूस सोडा, मांजर मावलं नसतं.

मग तिनं पलंग ओढला. भिंत आणि पलंग यांच्यात कशीबशी तीन बोटं जागा झाली. घरभर गिलावा खरबरीत होता. तिथे मात्र, कमरेच्या उंचीवर, हातभर पट्टा गुळगुळीत होता आणि चमकत होता. रोज अंग घासून कठड्याला चढते तशी चकाकी. तिनं बोट लावलं आणि काढून घेतलं. पलंग परत ढकलला.

धाकट्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, म्हणजे कुणीतरी करतंय ना त्यांचं? अंघोळ-बिंघोळ?"

"अरे, पण कोण?"

"कुणी का असेना. चांगलंच आहे की."

तिनं फोन ठेवला. राग आला तो त्याच्या बोलण्याचा नाही. गेली दोन वर्षं ती रोज सकाळी न बोलता हेच म्हणत आली होती.

उन्हं कलायला लागली होती. ती अप्पांसमोर स्टूल घेऊन बसली.

"अप्पा, कोण येतं?"

त्यांनी बोळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खूप हळू बोलले, वर्गात परीक्षा चालू असताना बोलावं तसं.

"दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडलो होतो. सकाळी. तुझा त्या दिवशी कुठला तरी वार्षिक समारंभ होता, तू येणार नव्हतीस. दुपारपर्यंत पडून होतो. हाका मारल्या. तुझ्याच नावानं मारल्या."

"मग?"

"हाकेला आलं."

"कोण आलं, अप्पा?"

"ते विचारायचं नसतं. तुझी आई निदान विचारायची, पाणी फार गरम आहे का म्हणून. इथे विचारणं नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मी तुला म्हटलं होतं. थंडीत. म्हटलं, मला तुझ्याकडे घेऊन चल. तू म्हणालीस, तुमचं तर किती छान चाललंय."

ती म्हणाली होती. दारात, एक पाय चपलेत घालून.

"आज घेऊन चल," अप्पा म्हणाले.

थोरलीच्या डोळ्यांसमोर तिची खोली आली. तिसरा मजला, एकच खोली, एकच पलंग. आणि उद्याची पाहणी. तिनं अप्पांना आज हलवलं, तर ती बाई काय लिहील? डाग लपवायला नेलं, असंच लिहील. म्हातारपणी माणसं काहीही बोलतात. बटण सैल असेल, बाईंनी नीट काढलंच नसेल. पंचा वाळून कडक झाला असेल. एकेक कारण तिनं विटेसारखं रचलं.

"उद्या," ती म्हणाली. "पाहणी झाली की लगेच. शब्द देते."

"त्या बाईला नको आणूस. मोजमाप खपत नाही."

"कुणाला?"

अप्पांनी बोळाकडे पाहिलं. बोळात छत्री भिंतीवरून घसरून खाली पडली. ती उचलून ठेवायला थोरली उठली नाही.

५

पावणेसातला लख्ख उजाडलेलं होतं. रस्त्यावर दूधवाल्यांची लगबग, समोरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. नवं कुलूप होतं तसं बंद होतं. थोरलीनं ते आवाज न करता उघडलं आणि दोघी बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्यांवर बसल्या. आतलं दार वीतभर उघडं होतं.

"मधे पडायचं नाही," फॉर्मवाली कुजबुजल्या. "फक्त पाहायचं. नियम आहे."

सात वाजले. पलंग करकरला. एकदाच. पलंगावरून कुणीतरी पोतं उचललं तर करकरेल तसा. मग बोळातून पावलं. थोरली कान टवकारून बसली. पावलं दोनच होती, अप्पांचीच, पण ती पडत नव्हती. बोटांची टोकं फरशीवरून फरफटत चालली होती आणि चालली होती फार भरभर.

न्हाणीत पाणी पडायला लागलं. तांब्यामागून तांब्या, मधे श्वासभरही खंड नाही. अप्पांना ठसका लागला. नाकातोंडात पाणी गेल्याचा ठसका. पाणी थांबलं नाही. ठसक्याच्या वर तांब्या, त्याच्यावर तांब्या. थोरली ताडकन उठली. फॉर्मवालीनं तिचं मनगट पकडलं. त्यांचा हात गार पडला होता.

"थांबा."

"अहो, गुदमरताहेत ते!"

"थांबा म्हणते ना."

मग वस्तरा. खरवडल्याचा आवाज, करपलेलं पातेलं खरवडावं तसा, लांब लांब आणि घाईघाईनं. मग कंगवा. मग कपडा झटकल्याचा आवाज, आता पलंगाच्या खोलीतून, दाराच्या अगदी जवळून.

"दुखतंय," अप्पा म्हणाले. आवाज लहान मुलाचा. "अहो, दुखतंय."

आयुष्यात कुणाला 'अहो' न म्हणालेला माणूस.

फॉर्मवाली उठल्या. दारापाशी गेल्या. हातानं नाही, पेनाच्या टोकानं त्यांनी दार आणखी थोडं लोटलं आणि आत पाहिलं. थोरली त्यांच्या मागे होती. त्यांच्या खांद्यावरून तिला खोली दिसली नाही, फक्त कपाटाचा आरसा दिसला. आरशात अप्पांची पाठ होती. दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ ताठ उचललेले. टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या. पांढरा शर्ट हातांवरून खाली येत होता. उजवा हात बाहीतून बाहेर आला, सुरकुतलेला, डागाळलेला, अप्पांचाच. तो पूर्ण बाहेर येऊन खाली लोंबला. बाही मात्र वरच राहिली. भरलेली. कोपराशी वाकली, आणि मग सावकाश रिकामी होत चपटली.

तेवढंच. तिनं तेवढंच पाहिलं. बाईंना समोरून दिसत होतं.

फॉर्मवालीनं दार ओढून घेतलं. अगदी हळू, चुकून परक्याच्या खोलीचं दार उघडलेल्या माणसासारखं. आणि बंद दाराला म्हणाल्या, "माफ करा."

मग त्या येऊन खुर्चीवर बसल्या आणि लिहायला लागल्या. थोरलीनं वाकून पाहिलं. अंघोळ, पूर्ण मदत लागते. कपडे, पूर्ण मदत लागते. उठणे-बसणे, चालणे, पूर्ण मदत लागते. शेजारच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीला: मिळते. मिळते. मिळते. सर्वांत खाली: सध्याच्या व्यवस्थेत बदल करू नये.

"काय पाहिलंत?" थोरली म्हणाली.

"माझं काम झालंय."

"बाई, तुम्ही काय पाहिलंत आत?"

"फॉर्मवर तो प्रश्न नाही," फॉर्मवाली म्हणाल्या. त्यांनी पिशवी घेतली. फीत विसरल्या, पाटी विसरल्या, फक्त लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. दारात त्या क्षणभर थांबल्या, काही सांगावं की काय असं वाटून. मग रस्त्यावर गेल्या आणि चालता चालता पळायला लागल्या. जाड पिशवी त्यांच्या पाठीवर आपटत होती.

६

थोरली आत गेली. अप्पा टेबलाशी बसलेले होते. अंघोळ झालेली, दाढी झालेली, मानेवर एक बारीक लाल रेघ. पलंगावरच्या चादरीला सुरकुती नव्हती. खोलीत साबणाचा वास होता आणि त्याखाली ओल्या गिलाव्याचा.

"चला अप्पा."

"आत्ता?"

"आत्ता. या क्षणी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी उजवा हात तिच्या दिशेनं पुढे केला, जेमतेम वीतभर. तिनं त्यांच्या काखेत हात घातला, पाठीला वेढा दिला आणि उचललं. उचललं गेलं नाही. हाडांचा सापळा, पण दगडासारखा जड. दुसऱ्यांदा स्टूल कलंडलं. तिसऱ्यांदा ते तिच्या अंगावर रेलून उभे राहिले. त्यांचा गाल तिच्या खांद्याला टेकला. वडिलांचा श्वास मानेवर लागतो कसा, हे तिला बावन्नाव्या वर्षी कळलं.

"एक पाय. हं. आता दुसरा. घाई नाही."

"सोडू नकोस," अप्पा म्हणाले.

"सोडते कशाला? धरलंय ना मी."

बाहेरची खोली ओलांडायला दहा मिनिटं लागली. उंबऱ्यापाशी तिच्या कंबरेत कळ आली. तिचे हात सुटत चालले, अप्पा तिच्या कुशीवरून खाली घसरायला लागले. खाली तीन पायऱ्या, त्यापुढे फाटकापर्यंत फरसबंदी, फाटकाबाहेर तिची गाडी. आता पडतोच आपण दोघं, असं तिला वाटलं.

आणि ओझं हलकं झालं.

"शाबास अप्पा! बघा, जमतंय की." तिला रडू यायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना शाबासकी दिली होती. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. सरसर उतरले ते. फरसबंदीवर तर तिलाच पावलं उचलावी लागली. अप्पांचं वजन तिच्या हाताला लागतच नव्हतं. ती अर्ध्या वाटेत हसलीसुद्धा. मग तिला घासल्याचा आवाज ऐकू आला. त्यांच्या पायांच्या बोटांचा. ती थांबली.

अप्पा तिच्या उजव्या बाजूला होते. तिचा हात त्यांच्या डाव्या काखेत होता. त्यांचा दुसरा, पलीकडचा दंड अंगापासून दूर उचललेला होता, कोपर वर, शर्टाचं कापड दंडाभोवती आत दाबलं गेलेलं, बोटांच्या आकारात. त्या बाजूला सकाळचं ऊन होतं. बाकी काही दिसत नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली. "तो हात खाली घ्या."

"घेता येत नाही."

"घ्या ना हो."

"बाळ," अप्पा म्हणाले. हा शब्दही तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "सोडू नकोस."

गाडी दहा पावलांवर होती. समोरच्या गच्चीवरची सतरंजी कठड्यावर वाळत पडली होती. दार उघडायचं, अप्पांना बसवायचं, वळून आपल्या जागी जायचं. मग घर. तिसरा मजला, एक खोली. तिनं मनात तिथवरचा सगळा रस्ता केला. त्या खोलीचं दार उघडलं, आणि तिला कळलं की आत शिरणारी माणसं तिला मोजता येत नाहीत.

तिच्या तळव्याखाली, अप्पांच्या पाठीवर, कुणीतरी पकड बदलली. बोटं तिच्या बोटांना लागली. गार, ओलसर, साबणानं बुळबुळीत. ती तिच्या बोटांवरून चाचपत पुढे आली, मनगटापर्यंत, आणि तिथे थांबली. जोर किती आहे ते पाहत असावीत.

थोरलीनं हात काढून घेतला.

अप्पा पडले नाहीत. फरसबंदीच्या मधोमध ते उभे राहिले, टाचा वर, दोन्ही कोपरं आता अंगापासून दूर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आत त्यांना वळवलं गेलं. बोटांची टोकं फरफटत फरसबंदीवरून गेली, तीन पायऱ्या चढली, उंबरा ओलांडला. दार लागलं. आतून कडी सरकली.

थोरली फाटकाशी उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. पर्समध्ये फोन वाजला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. सकाळचा पहिला शिकाऊ होता.

"ताई, येताय ना? मी कोपऱ्यावर उभा आहे केव्हाचा."

आत न्हाणीत पुन्हा पाणी पडायला लागलं होतं. तांब्यामागून तांब्या.

"हो," थोरली म्हणाली. "निघालेच."